बेटावरच्या देशात वादळ आलं, मुंबईतून मदत पाठवायचीय: आधी काय, मग काय, आणि काय अजिबात पाठवायचं नाही

श्रीलंका, मॉरिशस, मादागास्कर, फिजी, कुठेही वादळ धडकल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो, जुने कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या खाली वॉचमनच्या केबिनमध्ये आणून द्या, संध्याकाळी टेम्पो येतोय. टेम्पो जाणार कुठे, माल कुठल्या जहाजात चढणार, तिकडे उतरवून घेणार कोण, हे कोणीच विचारलेलं नसतं. मी न्हावा शेवा बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करण्याच्या कामात आहे, त्यामुळे असा माल पुढे कुठे अडकतो ते बघायला मिळतं, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच, गोळा करायचं काम पहिलं केलेलं असतं आणि विचारायचं काम शेवटी.

मार्च २०१५ मध्ये पाम वादळानंतर वानुआतूच्या पोर्ट व्हिला बंदरात कोणी न मागितलेल्या मालाचे कंटेनर महिनोन्‌महिने पडून होते, आतलं खाणं मुदत संपून वाया गेलं आणि वर बंदराचं भाडं चढत राहिलं. पुढच्या वर्षी फिजीत विन्स्टन वादळानंतर परत तेच. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्या गठ्ठ्यांनी जागा अडवली आणि खरोखर लागणारा माल मागे राहिला.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा जमत नसेल तर तिथेच थांबा, पुढच्यावर उडी मारू नका.

## टप्पा १: पहिले दोन दिवस फक्त माहिती गोळा करा

वस्तू नाही, पैसे नाही, फक्त माहिती. सोसायटीत, मंडळात, ऑफिसात ज्याला नीट वाचून लिहून काढता येतं अशा एकालाच हे काम द्या, दहा जणांनी दहा फॉरवर्ड आणले की गोंधळ होतो.

पहिला प्रश्न, नुकसान कशाने झालंय? वाऱ्याने, पावसाने की समुद्राचं पाणी आत आल्याने? हे नीट बघा, कारण तिन्हींनंतर लोकांना वेगवेगळ्या गोष्टी लागतात. २० फेब्रुवारी २०१६ ला फिजीवर विन्स्टन आलं त्यात वाऱ्याचा मार जबरदस्त होता, घरांची छपरं उडाली, तिथे ताडपत्री, पत्रे, खिळे, हत्यारं लागतात. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी श्रीलंकेत दितवा वादळ आलं ते पूर आणि डोंगराळ भागातल्या दरडी घेऊन, तिथे पिण्याचं पाणी, चिखल काढायची साधनं, कॅम्पमधल्या लोकांची रोजची सोय हे प्रश्न मोठे. आणि सखल प्रवाळ बेटांवर समुद्र आत घुसला तर विहिरींचं गोडं पाणीच खारं होऊन बसतं, घरं उभी असली तरी प्यायला काही नसतं.

आपल्याकडचंच घ्या ना. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन-दिवेआगरकडे ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा, त्यांना तेव्हा शर्ट-साड्या नको होत्या, पत्रे आणि कौलं हवी होती, लाईट हवी होती. पण तिथे एक सोय होती, माणगावमार्गे टेम्पो गेला आणि माल नको म्हणाले तर तोच टेम्पो माल घेऊन परत येऊ शकतो. बेटावरून तसं परत आणता येत नाही. तिथे बहुतेक वेळा एक मोठं बंदर, एक मोठा विमानतळ, मोजक्या क्रेन, मोजके ट्रक, आणि त्यातलंही काही वादळाने मोडलेलं. फिजीत ३०० हून जास्त बेटं आहेत, मुख्य बंदरात माल उतरला तरी पुढे परत होडीनेच न्यायचा. आपला नको असलेला एक खोका म्हणजे कोणाच्या तरी औषधाच्या खोक्याची अडलेली जागा, हे डोक्यात पक्कं ठेवूनच पुढचं सगळं ठरवा.

माहिती कुठून घ्यायची? त्या देशाच्या सरकारी आपत्ती कार्यालयाकडून, म्हणजे श्रीलंकेचं डिझास्टर मॅनेजमेंट सेंटर, फिजी आणि वानुआतूची नॅशनल डिझास्टर मॅनेजमेंट ऑफिसं, मादागास्करचं आपत्ती कार्यालय बीएनजीआरसी. सगळ्या संस्थांचे रिपोर्ट एका जागी वाचायचे तर संयुक्त राष्ट्रांची रिलीफवेब ही साइट. त्या देशाचं मुंबईत कॉन्सुलेट असेल तर तिथे, नसेल तर दिल्लीतल्या दूतावासाला ईमेल. न्यूज चॅनलवरून गरजांची यादी करू नका, चॅनल नुकसान दाखवतं, गरज नाही.

दुसरा प्रश्न, त्या सरकारने बाहेरून मदत मागितलीय का, आणि नक्की काय मागितलंय? मागितलेल्या यादीतल्या मालाला कस्टममध्ये सूट आणि वेगळी लाइन मिळायची शक्यता असते, यादीबाहेरचा माल साध्या आयातीसारखा रांगेत.

तपासा: एका कागदावर चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत, नुकसान कशाने, कुठल्या भागात, सरकारने काय मागितलंय, काय नको म्हटलंय. चौथी ओळ रिकामी असेल तर अजून शोधलं नाहीये असंच समजा.

## टप्पा २: घेणारा आधी, देणारे नंतर

तिकडे माल किंवा पैसे ताब्यात घेणारी नोंदणी असलेली संस्था लागते. ओळखीचा माणूस चालत नाही, त्याचं स्वतःचं घर पाण्यात असेल. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, काहींचे इकडे संबंध आहेत, त्यांच्याकडून खरी परिस्थिती कळेल, कुठली संस्था काम करतेय तेही कळेल, पण कंटेनर एखाद्या काकांच्या नावाने पाठवू नका, तो सोडवायला त्यांना बंदरावर चकरा माराव्या लागतील आणि खर्च त्यांच्याच गळ्यात पडेल.

घेणाऱ्या संस्थेकडून ईमेलवर लेखी घ्या, लेटरहेडवर असेल तर उत्तम:

१. आम्हाला अमुक वस्तू, एवढ्या नगांत, अमुक तारखेपर्यंत हव्या आहेत.
२. कस्टममधून आम्ही सोडवू, सूट मिळवायचं पत्र आम्ही काढू.
३. बंदराचं भाडं, गोडाऊन, पुढची वाहतूक कोण भरणार.
४. उतरवून घेणाऱ्या माणसाचं नाव, फोन, ईमेल.

तिसऱ्या मुद्द्यावर लोक लाजतात, मदतीच्या वेळी पैशाचं काय बोलायचं म्हणून. बोला. दिवस उलटले की बंदराचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, आणि कंटेनर कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं, दोन्ही वेगवेगळे चढत जातात, आणि ते भरायला पैसे नाहीत म्हणून माल सडतो.

थांबा: हे लेखी आलं नाही तर वस्तूंचा विषय इथेच बंद. टप्पा ३ करा आणि तेवढ्यावरच राहा, ती काही कमी मदत नाही. खरं तर दहातल्या नऊ ग्रुपनी तेवढंच करावं असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ३: पैसे, पण नियमात राहून

पैसा जहाजाची वाट बघत नाही, तिकडच्याच बाजारातून ताडपत्री-तांदूळ घेता येतो, आणि वादळाने बसलेले तिथले दुकानदार परत उभे राहतात. पण इथे आपल्याकडून सगळ्यात जास्त चुका होतात, तर जरा सावकाश वाचा.

स्वतःच्या खात्यातून परदेशी द्यायचे असतील तर. रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम आहे, लोक एलआरएस म्हणतात, त्यात भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि देणगी हे त्यात चालणारं कारण आहे. पॅन लागतो, बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरायचा, कारणाच्या रकान्यात देणगीचाच कोड निवडायचा, घाईत 'फॅमिली मेंटेनन्स' टिकमार्क करू नका. वर्षभरातलं तुमचं सगळं एलआरएस मिळून १० लाखांच्या वर गेलं तर टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो टॅक्स, कापला जातो, मुलाची फी वगैरे आधीच पाठवली असेल तर तीही या हिशेबात धरतात.

बँकेत विचारतील, मधल्या बँकांचा चार्ज कोणाकडे? स्वतःकडे घ्या. नाहीतर तुम्ही पाठवलेल्या रकमेतून कापून तिकडे कमी पोचतं. आणि परदेशी ट्रान्सफरला ठरावीक चार्ज लागतोच, त्यामुळे पाचशे-हजार रुपयांसाठी हा रस्ता परवडत नाही.

सोसायटी, मंडळ, ट्रस्ट यांच्या खात्यातून. एलआरएस फक्त व्यक्तींसाठी आहे. सोसायटी, ट्रस्ट, कंपनी, भागीदारी फर्म यांना ते लागू नाही. सोसायटीच्या सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला पैसा) किंवा मंडळाच्या खात्यातून थेट कोलंबोला पैसे पाठवू म्हणणाऱ्या सेक्रेटरीला इथेच थांबवा. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर आणखी एक भानगड, भारताबाहेर केलेल्या खर्चाला इन्कम टॅक्सची सूट आपोआप मिळत नाही, त्याची आधी मंजुरी लागते, त्यामुळे ट्रस्टच्या सीएला विचारल्याशिवाय ठराव पास करू नका.

लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१क आहे, गणपतीच्या आधी मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे वर्गणीची परवानगी मागतात ती याच कलमाखाली. मदतनिधीलाही तेच. कोणाच्या तरी पर्सनल यूपीआयचा क्यूआर ग्रुपवर टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग, त्या माणसाच्या खात्यात एकदम शेकडो एंट्री येतात, बँक विचारते, उद्या टॅक्सवाले विचारतात, आणि हिशेब कितीही स्वच्छ असला तरी बोलणारे बोलतात.

मग छोट्या रकमा कशा द्यायच्या? भारतात नोंदणी असलेली आणि त्या देशात खरोखर काम चालू असलेली संस्था निवडा, आणि प्रत्येकाने थेट तिच्याच खात्यात भरायचं. रेडक्रॉसचं जाळं यासाठी चांगलं, प्रत्येक देशाची स्वतःची रेडक्रॉस किंवा रेड क्रेसेंट सोसायटी असते आणि मोठ्या वादळानंतर त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ त्या देशासाठी वेगळं आवाहन काढतो. पैसे भरताना त्या आवाहनाचं नाव लिहा, नाहीतर ते जनरल फंडात जातात. ८०जीची, म्हणजे टॅक्समध्ये सूट देणारी, पावती परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर मिळत नाही, भारतातल्या संस्थेकडे ती आहे का ते आधीच विचारा.

तपासा: त्या सरकारच्या, दूतावासाच्या किंवा संस्थेच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून खात्याचा नंबर तिथे बघितला का? फॉरवर्डमधल्या लिंकवरून गेलात तर परत मागे या. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी खोटी पेजं उघडतात, लोगो हुबेहूब असतो, एक अक्षर इकडचं तिकडे असतं.

## टप्पा ४: वस्तू ठरवताना पोचायची तारीख धरा, आजची नाही

हा टप्पा फक्त ज्यांच्याकडे टप्पा २ चं लेखी पत्र आहे त्यांच्यासाठी.

आज तिकडे लोक उपाशी आहेत म्हणून आपण आज बिस्किटं भरतो. पण आपला माल गोळा होणार, पॅक होणार, कागद होणार, जहाज मिळणार, तिकडे उतरून सुटणार, यात आठवडे जातात. पहिल्या दिवसांची मदत सरकारं करतात, जानेवारी २०२० मध्ये मादागास्करला आयएनएस ऐरावत गेलं ते ऑपरेशन व्हॅनिला, दितवाच्या वेळी श्रीलंकेला ऑपरेशन सागर बंधू. त्या जहाजांवर काय चढवायचं ते दोन सरकारं ठरवतात, नेव्हीच्या गोदीच्या लायन गेटपाशी टेम्पो उभा करून नेव्हीला खोके देता येत नाहीत, दरवेळी कोणीतरी ही आयडिया काढतंच म्हणून लिहितेय.

साधारण अंदाज असा धरा. पहिला आठवडा शोध, सुटका, पाणी, औषध, तात्पुरता निवारा. दुसरा ते चौथा आठवडा ताडपत्री, दोर, मच्छरदाण्या, साबण, स्वयंपाकाची भांडी, साफसफाईची साधनं. दीड-दोन महिन्यांपासून पुढे छप्पर दुरुस्ती, हत्यारं, मासेमारीची जाळी, शाळेचं सामान. मुंबईतून समुद्रमार्गे जाणारं आपलं सामान बहुतेक वेळा या तिसऱ्या भागात पोचतं, तर यादीही तिथलीच हवी.

पाणी. बाटल्या पाठवू नका. एक लिटर म्हणजे एक किलो. आपत्तीतल्या मदतीचे स्फिअर नावाचे मानक आहेत त्यात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात, पिणं, स्वयंपाक, अंगधुणं सगळं मिळून. त्या हिशेबाने एक टन पाणी जेमतेम ६६ माणसांना एक दिवस पुरतं. त्याऐवजी क्लोरीनच्या गोळ्या बघा, ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला चालते, म्हणजे हजार गोळ्यांत वीस हजार लिटर आणि त्या एका छोट्या खोक्यात मावतात. सोबत झाकणाचे १० लिटरचे कॅन. पण खारं झालेलं पाणी या गोळ्यांनी गोडं होत नाही, तिथे वेगळी यंत्रणा लागते, ती आपल्या आवाक्यातली नाही.

ताडपत्री. मदतीत वापरतात तो नेहमीचा साइज ४ बाय ६ मीटर. आपण पावसाळ्यात पत्र्यावर टाकतो ते पातळ निळं प्लास्टिक नको, ते एका सीझनमध्ये फाटतं आणि तिथे परत वारा येणारच आहे. जाड, कडेला रिंगा असलेली, सोबत दोर आणि खिळे. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला एकगठ्ठा मिळतात, हातोडी, करवत, पक्कड, फावडं, कुदळ, पण हलक्या प्रतीची घेऊ नका, पहिल्याच दिवशी दांडा निघाला की त्या माणसाचं काम थांबतं.

औषधं. घरात उरलेल्या गोळ्या अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या देणगीच्या नियमांत, माल पोचेल तेव्हा किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, औषधाचं मूळ नाव लेबलवर हवं आणि वापरून परत आलेली औषधं चालत नाहीत. तिकडच्या आरोग्य खात्याने मागितलेल्या यादीशिवाय एकही स्ट्रिप नको.

बाळाची दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या. मन हेलावतं म्हणून लोक हेच आधी घेतात. न मागता पाठवू नका. अंगावर पाजणाऱ्या आयांना फुकट डबे वाटले की त्यांचं दूध कमी होतं, आणि पावडर कालवायला स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला इंधन नाही, बाळं जुलाबाने आजारी पडतात. ज्या बाळांना खरोखर पावडर लागते त्यांची सोय तिथले आरोग्यवाले नजरेखाली करतात.

जुने कपडे. नाही. छाटणीला माणसं लागतात, ती तिथे नाहीत. संस्थेने कपडे मागितलेच तर नवे, एकाच प्रकारचे, साइजप्रमाणे वेगळे बांधलेले.

चार्जर-लाईट पाठवताना तिकडचा सॉकेट बघा, फिजीचा आणि मॉरिशसचा प्लग आपल्या तीन गोल पिनांपेक्षा वेगळा आहे.

सावधान: पॉवर बँक, लिथियम बॅटरीचे सोलर कंदील, सॅनिटायझर, काडेपेट्या, लायटर, गॅसचे छोटे सिलिंडर, ब्लीचिंग पावडर, हे धोकादायक मालात मोडतं. इतर मालात लपून गेलं आणि सहार विमानतळाच्या कार्गोला स्कॅनमध्ये दिसलं तर अख्खी खेप अडकते. यादीत असेल तर कस्टम ब्रोकरला (टप्पा ६ बघा) आधी सांगा, वेगळं पॅकिंग आणि वेगळं डिक्लरेशन होतं. क्लोरीनच्या गोळ्यांबद्दलही हेच विचारा.

## टप्पा ५: गोळा करणं आणि पॅकिंग

आता कुठे मेसेज टाकायचा, आणि तो असा टाका की चुकायला जागाच राहणार नाही. "मदत आणा" असं नाही. "४ बाय ६ मीटर ताडपत्री, जाड, नवी, ८० नग हव्यात, दुसरं काही घेतलं जाणार नाही." त्याहून चांगलं म्हणजे वस्तू गोळाच करू नका, एका दुकानदाराकडून एकदम घ्या, माल एकसारखा येतो, बिल एक येतं आणि ते बिल पुढे कस्टमला लागतंच.

गेटवर दोन जणं बसवा ज्यांना नाही म्हणता येतं. हे सोपं नाही. एखाद्या आजी प्रेमाने धुऊन इस्त्री केलेल्या साड्या घेऊन येतात, त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं, तर शेजारीच मुंबईतल्या संस्थेसाठी वेगळा डबा ठेवा, कपडे तिकडे जातील आणि कोणाचं मन मोडणार नाही.

पॅकिंगचे नियम थोडे आहेत पण मोडू नका.

१. एका खोक्यात एकच प्रकारची वस्तू. मिक्स खोका तिकडे उघडून परत लावावा लागतो.
२. वजन १५ ते २० किलोच्या आत. तिथे फोर्कलिफ्ट असेलच असं नाही, एका माणसाने उचलून होडीत चढवायचंय.
३. आतून प्लास्टिक, बाहेरून पट्टी. खोका पावसात उघड्यावर राहणार हे धरूनच चाला.
४. लेबल दोन बाजूंना, इंग्रजीत, मादागास्कर किंवा कोमोरोसला जात असेल तर फ्रेंचमध्येही. वस्तू, नग, वजन, खोका क्रमांक, मुदत असेल तर ती, घेणाऱ्या संस्थेचं नाव. मार्करने मराठीत "टूथपेस्ट" लिहिलेला खोका तिकडे कोणी वाचू शकणार नाही.
५. लाकडी पॅलेट किंवा क्रेट असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवाच. कीड आत येऊ नये म्हणून बेटांवरचे देश यात फार कडक असतात, शिक्का नसेल तर माल परत किंवा जाळून टाकतात. मातीचे बूट, सुटं धान्य, बियाणं याच कारणाने नको.

खोके भरताना प्रत्येकाची नोंद त्याच क्षणी शीटमध्ये करा. रात्री आठवून लिहू म्हणालात तर चाळिसाव्या खोक्यात काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही आणि मग सगळे परत उघडायचे.

तपासा: शीटमधले खोके आणि समोरचे खोके दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजा. आकडे जुळले नाहीत तर ट्रक सोडू नका.

## टप्पा ६: कागद आणि जहाज

हे काम स्वतः करायला जाऊ नका, कस्टम ब्रोकर, म्हणजे कस्टमचे कागद करून देणारा एजंट, धरा, बरेचजण मदतीच्या मालाला स्वतःची फी कमी घेतात किंवा सोडतात, विचारायला काय हरकत आहे. एक्स्पोर्टर म्हणून आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर, असलेली संस्था किंवा कंपनी लागते, सोसायटीकडे तो नसतो, तर एखाद्या सभासदाच्या कंपनीने नाव द्यायला तयार व्हावं लागतं आणि ती जबाबदारी त्यांना नीट समजावून सांगा.

लागणारे कागद: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, देणगीचं पत्र, घेणाऱ्या संस्थेचं पत्र, ओरिजिन सर्टिफिकेट (माल कुठल्या देशातला ते), धान्य असेल तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचं), मग शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमकडे भरायचं), आणि शेवटी माल चढवल्याचा कागद, जहाजाने गेला तर बिल ऑफ लेडिंग, विमानाने गेला तर एअरवे बिल.

फुकट आहे म्हणून इनव्हॉइसवर शून्य किंमत टाकतात, ही नेहमीची चूक. खरी किंमत टाका आणि खाली लिहा की विक्रीसाठी नाही, किंमत फक्त कस्टमसाठी. दुसरी चूक नावाची, इनव्हॉइसवर संस्थेचं एक स्पेलिंग आणि बिल ऑफ लेडिंगवर दुसरं, एवढ्यावर माल अडतो. पत्रातून जसंच्या तसं कॉपी करा. तिसरी, धान्याच्या निर्यातीचे नियम मधेच बदलतात, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली होती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परत उघडली, तर तांदूळ विकत घ्यायच्या आधी ब्रोकरला त्या दिवशीचा नियम विचारा.

२० फुटी कंटेनरमध्ये ढोबळमानाने ३३ घनमीटर जागा असते. तेवढा माल नसेल तर दुसऱ्यांच्या मालासोबत शेअरिंगमध्ये जातो, पण मग तिकडे सुटायला जास्त वेळ लागू शकतो, हे घेणाऱ्याला आधी सांगा. कंटेनर अर्धा रिकामा दिसतोय म्हणून त्यात जुन्या गाद्या आणि कपडे कोंबू नका, सगळी मेहनत एका तासात वाया जाते.

थांबा: जहाज निघायच्या आधी सगळ्या कागदांचे स्कॅन घेणाऱ्याला पाठवा आणि "मिळाले, बरोबर आहेत" असं उत्तर येऊ द्या. जहाज गेल्यावर दुरुस्ती होते, पण दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

## मधेच येणारे दोन प्रश्न

आम्ही स्वतः जाऊन काम करू का? संस्थेने नावाने बोलावलं नसेल तर नाही. बेटावर खोल्या, पाणी, डिझेल, जेवण आधीच कमी असतं आणि तुम्ही त्यातलंच वापरणार. डॉक्टर-नर्सनासुद्धा तिथल्या सरकारची परवानगी लागते, मान्यताप्राप्त टीममधूनच जा.

आमचा माणूस तिकडे अडकलाय. जहाजावरचे, हॉटेलातले, नोकरीवरचे आपले बरेच लोक या बेटांवर असतात. सारखे फोन लावू नका, तिकडचे टॉवर बॅटरीवर असतात आणि त्याच्या मोबाइलचं चार्जिंगही संपतं. एक एसएमएस पाठवा, वेळ ठरवून, रोज त्याच वेळी. भारतीय दूतावासाच्या हेल्पलाइनला नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचा पत्ता द्या. नोकरी देणाऱ्या कंपनीला लेखी ईमेल. तरीही पत्ता लागला नाही तर रेडक्रॉसची हरवलेल्या नातेवाइकांना शोधून जोडून द्यायची सेवा आहे, तिथे अर्ज करा. पासपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका, घाबरलेल्या घरच्यांना फसवणारे तेच शोधत असतात.

## टप्पा ७: पाठवल्यानंतर

बहुतेक ग्रुप ट्रकसमोर फोटो काढून इथे थांबतात. अजून तीन कामं आहेत.

जहाजाचा माग ठेवा आणि पोचायच्या दोन दिवस आधी घेणाऱ्याला आठवण करा. माल सुटल्यावर त्यांच्याकडून पोच घ्या, किती खोके मिळाले, किती फुटले, कुठल्या भागात वाटले. वाटपाचे फोटो मागताना लोकांचे चेहरे मागू नका, ज्यांचं घर गेलंय त्यांना खोका हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावणं बरं नाही, खोक्यांचा फोटो आणि सहीचा कागद पुरे.

हिशेब एका पानावर मांडा, जमा, खरेदी, वाहतूक, ब्रोकर, भाडं, शिल्लक, आणि ते पान नोटीस बोर्डावर लावा. धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घेतली असेल तर तिथे जो हिशेब द्यायचा तो वेळेत द्या, पुढच्या परवानगीला तो उपयोगी पडतो.

शिल्लक पैशाचं काय करायचं ते देणाऱ्यांना विचारून ठरवा. माझी सूचना, ते त्याच घेणाऱ्या संस्थेला चार-पाच महिन्यांनी घरदुरुस्तीसाठी मिळावेत, अर्थात टप्पा ३ मधल्या नियमानेच, कारण तेव्हा बातम्या थांबलेल्या असतात आणि ताडपत्रीखाली राहणारी घरं अजून तशीच असतात.

आणि सगळे कागद, यादी, ब्रोकरचा नंबर, संस्थेची पत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डर दोघांकडे असू दे. मॉरिशस-मादागास्करकडचा वादळांचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, बंगालच्या उपसागरात मान्सूनच्या आधी आणि नंतर. दसऱ्याच्या सुमारास एकदा फोल्डर उघडून नंबर लागतात का, संस्थेचा माणूस तोच आहे का, बँकेचे फॉर्म बदललेत का, एवढं बघून ठेवा.